शंकेची पाल : आईचा अंगठा मोबाईलला का कळत नाही?

या महिन्यात एका पत्रानेच सदराची बरीचशी जागा खाल्ली आहे. माझी त्याला हरकत नाही. ते पत्र आधी, बाकीच्यांनी थोडं सरकून बसावं.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. माझी आई सोलापुरात विड्या वळते, गेली 30 वर्षं. दिवाळीला मी तिला नवा मोबाईल घेतला. माझ्या बोटाला तो लगेच दाद देतो, माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या बोटालाही. आईने अंगठा टेकवला की चार वेळांतून एकदा. ती म्हणते, "रेशनच्या मशीनवर पण माझा अंगठा उठत नाही. माझ्या अंगठ्यात आता काही राहिलंच नाही." फोन तिने कपाटात ठेवून दिलाय. मला सांगा, फोनला नेमकं काय कळतं? दाब, ऊब, की बोटावरच्या रेषा? आणि बोट कुठे टेकलं ते त्याला कसं समजतं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी आईंना सांगा, रेशनचं मशीन आणि मोबाईलची काच यांची एकमेकांशी सोयरीक नाही. रेशनच्या दुकानातल्या यंत्राला अंगठ्यावरच्या रेषा वाचायच्या असतात. अशी बरीच यंत्रं आतून उजेड टाकून अंगठ्याचा चक्क फोटो काढतात. रेषा झिजल्या की फोटो पुसट येतो आणि यंत्र ओळख दाखवत नाही. मोबाईलच्या स्क्रीनला रेषांशी काही देणंघेणं नसतं. अंगठा कोणाचा, हा प्रश्नच तिला पडत नाही. (फोन उघडायला बोट ठेवतो तो सेन्सर निराळा. मी बोलतेय अख्ख्या स्क्रीनबद्दल.) आईंना दोन ठिकाणी नकार मिळाला आणि त्यांनी दोन्हींचं मिळून एकच दुखणं ठरवलं, एवढंच झालंय.

दाब आणि ऊब यांचंही तेच. काच तापवून किंवा दाबून पाहा, काही फरक पडत नाही. स्क्रीन मोजते ती वीज, आणि तीही इतकी थोडी की मी तंत्रनिकेतनात 31 वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवूनही मला या मोजणीचं अजून कौतुक वाटतं.

घरातला पंखा हळू फिरायला लागला की वायरमन येऊन एक डबी बदलतो आणि म्हणतो, "कंडेन्सर गेला होता." त्या डबीत धातूचे दोन पातळ पदर असतात आणि मधे प्लास्टिकचा पडदा. एका पदरावर विद्युतभार भरला की पडद्यापलीकडच्या पदरावर त्याची ओढ लागते. पडदा ओलांडून काही जात नाही, पण ओढ जाते. तुमच्या फोनच्या काचेखाली असे सहाशेच्या आसपास कंडेन्सर मांडून ठेवलेले आहेत.

सोलापूरच्या माणसाला ही मांडणी समजावणं सोपं. मागावरचे उभे-आडवे धागे डोळ्यांसमोर आणा. काचेखाली एका थरात उभे पट्टे आहेत, दुसऱ्या थरात आडवे. चादरीत आडवा धागा उभ्या धाग्यांत विणला जातो. इथे दोन्ही थर वेगवेगळे राहतात, मधे पारदर्शक पडदा असतो आणि पट्टे एकमेकांना शिवत नाहीत. जिथे उभ्यावरून आडवा जातो तिथे आपोआप एक चिमुकला कंडेन्सर तयार होतो. दोन पट्ट्यांमधलं अंतर साधारण 4 मिलिमीटर धरलं, तर 15 सेंटिमीटर लांब आणि 7 सेंटिमीटर रुंद स्क्रीनवर 37 आडवे आणि 17 उभे पट्टे बसतात. गुणाकार करा, 629 छेद होतात.

हे पट्टे दिसत नाहीत, कारण ते इंडियम टिन ऑक्साइडचे असतात. त्यात साधारण नऊ भाग इंडियमचं ऑक्साइड आणि एक भाग कथलाचं. कथील म्हणजे तेच, ज्याची कल्हई पूर्वी दारावर येऊन आपल्या पातेल्यांना लावून मिळायची. या मिश्रणाचा अगदी पातळ थर दिला की त्यातून उजेडही जातो आणि वीजही. दोन्ही जाऊ देणारे पदार्थ फार थोडे. काही नव्या फोनमध्ये त्याऐवजी केसाहून बारीक धातूची जाळी असते. स्वस्तातला एखादा फोन बंद करून उन्हात तिरका धरा. कधीकधी काचेत शंकरपाळ्यांसारखी फिकी नक्षी दिसते. तेच हे पट्टे. पट्टे सरळ न ठेवता शंकरपाळ्यांची माळ केल्यासारखे कापतात, म्हणजे बोटाला ते जास्त सापडतात.

आता हजेरी सुरू होते. शिक्षिकेला दुसरा शब्द सुचणार कुठून! फोनमधली एक चिप पहिल्या आडव्या पट्ट्यावर विजेचे भराभर ठोके देते आणि सगळ्या उभ्या पट्ट्यांवर कान ठेवते, कोणाला किती ओढ लागली ते ऐकायला. मग दुसरा आडवा, मग तिसरा. सगळे 37 संपले की पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला 120 वेळा अशी हजेरी होत असेल तर एका आडव्या पट्ट्याच्या वाट्याला मिलिसेकंदाचा जेमतेम पावभाग येतो. तेवढ्यात त्याला चाळीसेक ठोके देऊन होतात. एक ठोका ऐकून चिपचा विश्वास बसत नाही, म्हणून ती सगळ्यांची बेरीज करते.

बोट टेकलं की काय होतं? आडव्याकडून उभ्याकडे जाणारी ओढ सगळीच सरळ जात नाही. तिचा काही भाग काचेतून वर उसळी मारून पुन्हा खाली उभ्या पट्ट्यावर उतरतो, कारंज्यासारखा. आपलं बोट म्हणजे विजेच्या दृष्टीने मिठाच्या पाण्याची पिशवी. ती या कारंज्यावर येऊन बसली की वर उसळलेल्या ओढीतला काही वाटा बोट स्वतःकडे खेचून घेतं आणि अंगातून बाहेर वाटेला लावतं. खालच्या उभ्या पट्ट्यापर्यंत कमी पोचते. हजेरीत आकडा घसरला, की तिथे कुणीतरी आलंय हे चिपला कळलं.

घसरतो तो किती, ते ऐका. तुमच्या पंख्याचा कंडेन्सर बहुधा 2.5 मायक्रोफॅरडचा असेल (फॅरड हे कंडेन्सरच्या क्षमतेचं माप). काचेखालचा एक छेद 1 पिकोफॅरडच्या आसपास असतो, म्हणजे पंख्याच्या कंडेन्सरच्या पंचवीस लाखाव्या भागाएवढा. आणि बोटाने त्यात पडणारी घट पिकोफॅरडच्या दशांशात मोजायची! आमच्या प्रयोगशाळेतल्या मीटरला एवढं मोजायला सांगितलं असतं तर टेबलावरून हात फिरवला तरी आकडा नाचला असता.

इथे आईंचा अंगठा येतो. ओढ खेचायची तर बोटातलं खारं पाणी काचेच्या जवळ हवं. त्वचेचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा आणि कोरडा असतो, त्यातून वीज फारशी जात नाही. ओल त्याच्या खाली. पानं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून ज्या अंगठ्याने 30 वर्षं विड्या वळल्या, त्याचा हा थर घट्ट्यासारखा जाड आणि राठ झालेला असणार. त्यात अंगठा खडबडीत असला तर काच आणि कातडी यांच्यामध्ये हवेच्या फटी राहतात. हवा ही काचेहून फार वाईट मध्यस्थ. 0.1 मिलिमीटर हवेची फट म्हणजे या हिशेबात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड काच वाढवल्यासारखं आहे. वर तुम्ही हौसेने संरक्षक टेम्पर्ड काच लावून आणली असणारच. तिचे 0.3 मिलिमीटर आणखी.

चिपकडे एक उंबरठा ठरलेला असतो. घट त्याच्या पुढे गेली तर बोट, अलीकडे राहिली तर किरकोळ गोंधळ म्हणून सोडून द्यायची. तुमच्या पत्रातली "चार वेळांतून एकदा" ही ओळ मला म्हणूनच महत्त्वाची वाटली. अंगठा अजिबात कळत नसता तर चारही वेळा नकार आला असता. आईंचा आकडा उंबरठ्यावरच घुटमळतोय. थोडा हात दिला तर आत येईल.

काय करायचं ते सांगते. टेम्पर्ड काढून एक दिवस पाहा, विशेषतः तिच्याखाली धूळ किंवा बुडबुडे असतील तर. सेटिंगमध्ये "टच सेन्सिटिव्हिटी" किंवा "ग्लोव्ह मोड" अशा नावाचं बटण असेल तर चालू करा. ते उंबरठा खाली आणतं. अंगठ्याऐवजी करंगळी किंवा मधल्या बोटाची कड वापरायला सांगा. विडी वळताना ज्या कातडीवर जोर येत नाही ती मऊ राहिलेली असते. ओल्या फडक्याला बोट टेकवून मग फोनला हात लावला तर फरक लगेच दिसेल. फोन खाटेवर किंवा गादीवर न ठेवता दुसऱ्या हातात धरायचा, कारण बोटाने खेचलेल्या विजेला परत फोनच्या सर्किटकडे यायला वाट लागते आणि धरलेल्या हातातून ती वाट जवळची पडते. एवढं करूनही जमलं नाही तर रबरी टोकाचं पेन मिळतं. त्याची दांडी धातूची आहे ना ते बघून घ्या.

आणि त्या जोरात दाबत असतील तर हसू नका. दाब काचेला कळत नाही, पण दाबल्यावर अंगठा पसरतो, जास्त जागा झाकतो, फटी बुजतात. त्यांनी अनुभवाने शोधलेला उपाय बरोबरच आहे. अडचण एवढीच, की दाबून धरलं की फोन त्याचा अर्थ "लाँग प्रेस" असा लावतो आणि भलताच चौकोन उघडून बसतो. माणूस मग आणखी घाबरतो.

आता तुमचा खरा प्रश्न, बोट *कुठे* टेकलं? जाळीत पट्टे 4 मिलिमीटरवर आहेत असं म्हटलं. मग कीबोर्डवर "च"च्या जागी "ज" कसा होत नाही? (होतो, पण तो आपल्या चष्म्याचा दोष.) मेख अशी, की बोट कधीच एका छेदावर मावत नाही. ते चार-सहा, कधी नऊ छेदांवर पसरतं आणि प्रत्येक ठिकाणी आकडा वेगवेगळा घसरतो. समजा डाव्या कडेपासून 20, 24 आणि 28 मिलिमीटरवर तीन उभे पट्टे आहेत. पहिल्यावर घट 30, दुसऱ्यावर 100, तिसऱ्यावर 50. चिप 20 ला 30 ने गुणते, 24 ला 100 ने, 28 ला 50 ने. बेरीज 4400. तिला 30, 100 आणि 50 यांच्या बेरजेने, म्हणजे 180 ने भागते. उत्तर 24.4. बोटाचा मध्य दुसऱ्या पट्ट्याच्या जरासा उजवीकडे, मिलिमीटरच्या अर्ध्याहून कमी. हाच हिशेब आडव्या पट्ट्यांवर केला की वर-खाली किती तेही आलं. वाड्यात भजी कुठे तळतायत हे आपण असंच ओळखतो. देशपांड्यांकडे वास थोडा, मधल्या चौकात सपाटून, पलीकडच्या बिऱ्हाडात बऱ्यापैकी. म्हणजे चौकाच्या पलीकडच्या अंगाला.

म्हणून मी म्हणते, फोनला स्पर्श *जाणवत* नाही, तो त्याची जागा काढतो. गणित करून. ते गणित प्रत्यक्ष बघायचं असेल तर अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये "अबाउट फोन"मध्ये जाऊन "बिल्ड नंबर"वर 7 वेळा टिचकी मारा. "डेव्हलपर ऑप्शन्स" नावाचं दालन उघडतं. त्यात "पॉइंटर लोकेशन" चालू केलं की बोट फिरेल तसे एक्स आणि वायचे आकडे वर पळायला लागतात. तिथल्या दुसऱ्या कशालाही हात लावू नका. मी हे करून स्वयंपाकघरात एक दुपार घालवली. हातात धरलेली काकडी चालली. स्टीलचा चमचा पाठीने टेकवला तर चालला, दांड्याच्या टोकाने नाही, कारण टोकाने झाकलेली जागा फार लहान. प्लास्टिकचा चमचा अजिबात नाही. कणकेचा गोळा इतका छान चालला की पोळ्या राहिल्या.

आणखी एक पुरावा माझ्या स्वतःच्या जुन्या फोनचा. तो ओट्यावरून पडला. काच शाबूत, चित्र स्वच्छ, पण वरपासून खालपर्यंत बोटभर रुंदीची एक उभी पट्टी मेली. कीबोर्डवर त्या पट्टीत येणारी अक्षरं गेली ती गेलीच. फोन आडवा केला की तीच अक्षरं यायची आणि दुसरी जायची. उभा पट्टा तुटला की त्याच्यावरचे सगळे छेद एकदम मुके होतात. दोन महिने मी तो फोन आडवा-उभा करून वापरला. शेजारच्यांना वाटायचं बाई काहीतरी खेळ खेळतायत.

आईंना नमस्कार सांगा आणि फोन कपाटातून काढायला लावा.

प्रश्न : पावसात फोन वेड्यासारखा का करतो? थेंब पडला की स्वतःच काहीतरी उघडतो, आणि ओल्या बोटाला दाद देत नाही. तुम्ही तर म्हणता बोट म्हणजे पाणीच!
— चिपळूण

उत्तर : मी असं अजून म्हटलं नव्हतं, वरच्या उत्तरात म्हटलंय. तुम्ही अंक छापायच्या आधी वाचता की काय?

काचेवरचा सुटा थेंब आणि बोट यांत फरक आहे. थेंबाच्या मागे अंग नसतं. खेचलेली ओढ बाहेर न्यायला त्याला वाट नाही. उलट तो आडव्या आणि उभ्या पट्ट्यांमध्ये पूल बांधतो आणि आकडा घसरण्याऐवजी चढतो. पाणी या कामात फार पटाईत आहे, हवेच्या 80 पट. हुशार चिप चढलेला आकडा बघून "हा थेंब" असं ओळखते. पण तुम्ही त्याच थेंबात बोट घातलंत की थेंबाला एकदम अंग मिळतं, आणि तो जिथवर पसरलाय तिथवर बोट पसरल्यासारखं दिसतं. मध्य कुठला काढायचा? त्यात पाणी ओघळत असेल तर मध्यही ओघळतो. हे ओळखायला चिप दुसऱ्या तऱ्हेनेही मोजणी करते. आडवा-उभा अशी जोडी न लावता एकेका पट्ट्याचा भार सुटा मोजते. त्या मोजणीत सुटा थेंब जवळजवळ दिसतच नाही, बोट दिसतं. दोन्ही मोजण्यांची साक्ष जुळली तर खरं. चिपळूणच्या पावसात मात्र साक्षीदारच वाहून जातात. फोन पुसा, बोट पुसा. ओचा, पदर, रुमाल, जे कोरडं असेल ते.

प्रश्न : फोन चार्जिंगला लावला की त्याच्या अंगात येतं. कीबोर्ड उड्या मारतो, एका जागी बोट ठेवलं तर वर-खाली दुसरीकडेच टच होतो. दुकानदार म्हणतो कॉम्बो बदला, म्हणजे डिस्प्ले आणि टच दोन्ही. बदलू का?
— जालना

उत्तर : थांबा. चार्जरची वायर काढा. वेड लगेच थांबलं तर कॉम्बो निर्दोष आहे.

चार्जर भिंतीतल्या 230 व्होल्टचे 5 व्होल्ट किंवा असेच काही करतो, पण ते करताना त्याच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते. चांगल्या चार्जरमध्ये त्यातली धडधड गाळून टाकायला भाग बसवलेले असतात. हलक्या चार्जरमध्ये पैसे वाचवायचे ते तिथेच वाचवतात. मग अख्खा फोनच जमिनीच्या तुलनेत वर-खाली उड्या मारायला लागतो. फोनला स्वतःला ते कळत नाही, लिफ्टमधल्या माणसाला लिफ्ट हलतेय हे कळत नाही तसं. तुम्ही मात्र जमिनीवर उभे आहात. तुम्ही बोट टेकवलं की ही सगळी धडधड बोटातून त्या एका जागी काचेत उतरते आणि बोटाखालचा उभा पट्टा गोंधळतो. म्हणून तुम्हाला खोटे टच दिसतात ते बोटाच्या सरळ रेषेतच, वर किंवा खाली. तुम्ही तेवढं नीट पाहून लिहिलंत त्याबद्दल शाबासकी.

फोनबरोबर आलेला किंवा चांगला चार्जर लावून बघा. त्यानेही थांबलं नाही आणि वायर काढल्यावरही चालूच राहिलं, तर दुकानदाराचं ऐका. चार्जिंगच्या वेळी धातूच्या कडेला मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर तेही याच घराण्यातलं. झटका बसत असेल तर तो चार्जर आजच कचऱ्यात.

प्रश्न : टचस्क्रीन ॲपलने शोधला की नाही यावरून आमच्या हॉस्टेलवर पैज लागली आहे. मी "हो" म्हणालो आहे.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : पैसे काढून ठेवा. 1965 साली इंग्लंडमधल्या माल्व्हर्न इथे, सरकारी रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी बोटाच्या कॅपॅसिटन्सवर (म्हणजे कंडेन्सरसारखा विद्युतभार धरण्याच्या क्षमतेवर) चालणारा स्पर्शपडदा मांडला. विमानतळावरच्या नियंत्रकाने विमानांची नावं टाईप करत बसण्यापेक्षा पडद्यावरच्या नावावर बोट ठेवावं, ही कल्पना. 1973 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत बेंट स्टुम्पे या डॅनिश अभियंत्याने पारदर्शक पडदा बनवला, त्यावर 16 बटणं. सुपर प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या, प्रोटॉन कणांना प्रचंड वेग देणाऱ्या अजस्र यंत्राच्या नियंत्रण कक्षात हजारो बटणं आणि मुठी बसवण्यापेक्षा तो बरा होता, आणि 1976 मध्ये ते यंत्र सुरू झालं तेव्हा तिथे असे पडदेच होते. आयफोन आला 2007 मध्ये, आणि बोटाने चालणारा एलजीचा प्राडा फोन त्याच्या काही आठवडे आधी जाहीर झाला होता. ॲपलने अनेक बोटं एकदम वापरायला जगाला लावलं, हे श्रेय त्यांचं. पैज किती रुपयांची होती ते लिहिलं नाहीत.

प्रश्न : एका जुन्या चौकशी-यंत्रावर दोन बोटं ठेवली तर मधेच कुठेतरी टच व्हायचा. मोबाईलवर तर मुलं चार-चार बोटं नाचवतात. मधल्या काळात काय बदललं?
— शिक्षिका, बेळगाव

उत्तर : बाई, परीक्षेच्या हॉलचंच उदाहरण घेऊ. एक शिपाई सांगतो, तिसऱ्या आणि सातव्या आडव्या ओळीत कॉपी चालली आहे. दुसरा सांगतो, दुसऱ्या आणि पाचव्या उभ्या रांगेत. मुलं दोनच, पण बाकं चार संभवतात. फक्त ओळींची आणि रांगांची सुटी बेरीज घेणाऱ्या पडद्याची हीच पंचाईत, त्याला भुताची बोटं दिसतात. प्रत्येक बाकाची स्वतंत्र हजेरी घेतली की पेच सुटतो. सोलापूरच्या पत्राला सांगितली ती छेदाछेदाची मोजणी हीच. तुमच्या जुन्या यंत्रात बहुधा याहूनही साधा प्रकार असावा. काचेवर सलग एकच थर आणि चार कोपऱ्यांतून वीज. बोट ज्या कोपऱ्याजवळ तिथून जास्त वीज ओढली जाते, आणि चार आकड्यांच्या प्रमाणावरून जागा काढायची. दोन बोटं ठेवली की त्याला त्यांची सरासरीच दिसणार.

प्रश्न : ओट्यावर ठेवलेल्या फोनवरून पाल गेली आणि फोन चक्क माझ्या नणंदेला लागला. तुमच्या सदराचं नाव बघून तुम्हालाच विचारते, असं होऊ शकतं का? आणि हा शकुन की अपशकुन?
— फोंडा, गोवा

उत्तर : होऊ शकतं. पालीच्या अंगातही खारं पाणीच असतं, आणि तिचे चार पाय चार ठिकाणी टेकलेले असतात. एका पायाने खेचलेली ओढ अंगातून जाऊन दुसऱ्या पायांनी दुसरीकडे उतरते. तिला आपल्यासारखं मोठं अंग लागत नाही. 2017 मध्ये हवाई बेटांवर सील प्राण्यांच्या एका रुग्णालयातून डॉक्टरीणबाईंना एकामागून एक फोन यायला लागले. उचलला की पलीकडे शांतता. रुग्णालयात जाऊन पाहिलं तर एक छोटी पाल टचस्क्रीनच्या फोनवर बसून नुकत्याच लावलेल्या नंबरांना पुन्हा पुन्हा फोन लावत होती.

शकुनाचं नणंदेला विचारा. फोन तिला लागला होता.